सूर्याच्या दिशेचं झाकण

आजचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या संस्थेचे संचालक, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, जुन्या खाणीच्या पोटात माझ्याबरोबर उमेदीची वर्षं घालवलेले सहकारी, आणि पहिल्या रांगेतून 'आवरतं घे' असं डोळ्यांनी खुणावणारे आमचे हे,

माझ्या चिकाटीबद्दल आत्ता इतकं बोललं गेलं की ही बाई कोण, असा मलाच प्रश्न पडला. आभारी आहे.

पाहुण्यांसाठी सांगते. विश्वात न दिसणारं, नुसत्या गुरुत्वाच्या ओढीवरून कळणारं द्रव्य आहे. ते सूर्याच्या पोटात साठत असेल, तर तिथून न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण नेहमीपेक्षा जास्त यायला हवेत. खाणीतल्या पाण्याच्या टाकीत आम्ही तेच शोधतो. आमचा एक नियम आहे. सूर्याच्या दिशेच्या नोंदी झाकून ठेवायच्या. कुठली नोंद धरायची, कुठली सोडायची, हे सगळ्यांनी आधी ठरवायचं आणि मगच झाकण काढायचं. माणसाला हवं तेच दिसतं ना, म्हणून.

मागच्या खेपेला संचालकांनी निकष ठरण्याआधीच झाकण काढलं. थोडे न्यूट्रिनो जास्त दिसले, आणि मग तेवढे टिकून राहतील असेच निकष ठरले. मी बैठकीत हरकत घेतली, तेव्हा सर म्हणाले, "बाई, तुम्हाला दुसऱ्याचं यश बघवत नाही."

मी त्या शोधनिबंधावरून माझं नाव काढून घेतलं. सरांचे सत्कार झाले. पुढे इतर प्रयोगशाळांना काहीच सापडेना, तेव्हा खापर फुटलं टाकीतल्या उपकरणांवर. उपकरणं कुणाच्या देखरेखीखाली? माझ्या. म्हणून मुदतीआधीच हा निरोप. राग आहे का? आहे. अजून अन्न गोड लागत नाही.

आता अध्यक्षीय भाषणात सर नव्या नोंदींतला 'आशेचा किरण' जाहीर करणार आहेत. छापील प्रत आपल्या खुर्चीवर आहेच. ती झाकण निघायच्या आधी छापलेली आहे. झाकण निघालं आज सकाळी, ठरलेल्या निकषांवर, सगळ्या चमूसमोर. सरांनाही बोलावलं होतं, पण ते या व्यासपीठाच्या सजावटीत अडकले होते.

काय निघालं? काही नाही. सूर्याकडून एरवी यायचे तेवढेच आले. जन्म घालवून मला ते द्रव्य सापडलं नाही, याचं दुःख माझ्याइतकं इथं कुणाला होणार नाही. पण हे 'काही नाही' खरं आहे, आणि त्यावर मी माझं नाव घातलं आहे.

सर, आता आपलं भाषण. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. मोजण्यात झालेलं नाही.