गुरुवारचा बॅकअप

— नाही हो भाऊ, हे दवाखान्यातच असतील. आज गुरुवार ना, गुरुवारी हे तिथल्या कॉम्प्युटरच्या बॅकअपला थांबतात. काय म्हणालात? संध्याकाळ व्हायच्या आतच निघाले? घरी जातो म्हणून? असं कसं होईल — बसा तुम्ही आधी, जळगावहून आलात, पाणी तरी घ्या. नव्या मशीनवर डेटा टाकायला पासवर्ड पाहिजे, तो यांच्याकडेच, आणि फोन बंद — कळलं मला. पण मग बॅकअप कोण घेतंय आज?

आपोआप? म्हणजे — कोणी बसावं लागत नाही? रोज आपलं आपण चालतं? नाही, तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हालाच माहीत, पण दर गुरुवारी हे मला सांगतात, रूपा, मोठा बॅकअप आहे, समोर बसून राहावं लागतं, मी जेवून येईन. तपासलंत तुम्ही? मागची दोन वर्षं सगळी? कधी चालला, कसा चालला — आणि एकाही गुरुवारी कोणी मशीनला हात लावलेला नाही? एकाही नाही?

अहो, मी इंदिराबाईंना सांगते ना, आमच्या शेजारच्या — की दवाखाना यांच्या जिवावर चाललाय म्हणून. हसत असतील त्या.

मान खाली घालू नका भाऊ. तुमच्या मनात काय आलं ते कळतंय मला. तसलं काही नाही. बाईबिई नाही. तसलं असतं तर — तर बरं झालं असतं म्हणवत नाही, पण निदान मी भांडले तरी असते. हे गुरुवारी घरी येतात ना, तेव्हा यांच्या शर्टाची बटणं पक्की असतात. जाड काळ्या दोऱ्यानं शिवलेली, पांढऱ्या शर्टावर. मी नाही शिवत तशी. तशी एकच बाई शिवते. मी बघितलं, आणि धुवायला टाकला शर्ट. विचारलं नाही. काय विचारणार?

सासूबाई आमच्या — शेवंताबाई. रावेरला असतात, लेकीकडे. असं मी सगळ्यांना सांगते. केळीच्या बागा आहेत, त्यांना करमतं तिथे — तुम्हालाही तेच सांगणार होते मी आत्ता, जिभेवर आलं होतं. नाहीत त्या रावेरला. इथेच आहेत, चाळीसगावात. झालं काय — म्हातारपण हो, रात्री अंथरूण ओलं व्हायचं. एकदा झालं, दोनदा झालं, मी चिडले. माणूस चिडतं. पण गोधडी मागच्या अंगणात वाळत घालायची सोडून मी — मी ती पुढच्या गेटवर टाकली. गल्लीत दिसेल अशी. मुद्दाम. शाळेची पोरं नाक धरून गेली, आणि त्या ओट्यावर बसून होत्या, बघत. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली, म्हणाल्या, "जास मी रूपा. पोरले सांभाळ." माझ्या पोरीला सांभाळ म्हणाल्या, भाऊ. मला एक शिवी नाही. आणि हेही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं असेल यांना. दोन वर्षं मी तेच धरून बसलेय. आईला भेटायला माणूस मशीनचं नाव सांगतो — बायकोला एवढं भ्यावं लागतं —

चहा नको म्हणू नका, ठेवते — नाही, राहू दे, तुमचं काम अडलंय. स्टेशनच्या मागे भिकनची पिठाची गिरणी आहे. तिच्या बोळात शेवटची खोली. निळं दार, खालची फळी निघालीय, तिथे पत्रा ठोकलाय. तिथे असतील हे. हळू हाक मारा, त्या दचकतात.

मी? मी कशी येऊ? कोणत्या तोंडानं?

आणि यांना सांगू नका मला कळलंय म्हणून. बॅकअप घेऊन आलो म्हणू देत. मी ताट वाढणार नाही, जेवलात ना म्हणेन.

काय? दाराचा पत्रा मला कसा माहीत?

— गाडी काढा भाऊ तुम्ही. अंधार पडतोय.