मागचं चाक आणि आईचे कान

नाही, पण मला एक सांगा, सायकलने गप्प बसायला काय हरकत आहे? पेट्रोल नको, धूर नको, कटकट नको, म्हणून माणूस सायकल घेतो ना? आणि माझी बघा... टक्-कर्रर! टक्-कर्रर! मागच्या चाकातून! जणू आत दाढदुखीचा पेशंट बसवलाय! मागे कॅरिअरवर आमची कन्या, दुसरीतली, तिला शाळेत सोडायला निघालो की माझ्या पाठीत बोट खुपसून विचारणार, "बाबा, ही रडतेय का?" आता काय सांगू? हसतेय म्हणून सांगू?

तुम्हाला सांगतो, सल्ले द्यायला लोक कसे टपूनच असतात! आमच्या शेजारचे बँकवाले, निवृत्त, दिवसभर फाटकावर रेललेले. "चेन! डोळे झाकून सांगतो, चेन! तेल घाला!" घातलं तेल. पँटला डाग पडले, ते डाग बायकोने मला सगळ्या बाजूंनी दाखवून झाले, आवाज मात्र आपला... टक्-कर्रर! बँकवाले म्हणाले, "जास्त झालं. पुसा." पुसलं! टक्-कर्रर! बायको म्हणाली, "सायकलीला काही झालेलं नाही, तुम्ही जेवण कमी करा." घ्या!

शेवटी सायकलवाल्याकडे नेली. त्याने मागचं चाक उचलून स्टँडवर लावलं, पायडल हाताने गरागरा फिरवलं आणि... शुकशुकाट! चाक कसं, नुकतंच बाळ झोपवलेल्या घरासारखं! "साहेब, आवाज कुठाय?" आता आली का पंचाईत? मी तोंडाने काढून दाखवला हो! भर रस्त्यात! टक्-कर्रर, टक्-कर्रर! पंक्चर काढायला आलेल्या एक बाई चार पावलं मागे सरकल्या. तो माझ्याकडे असा बघत राहिला, म्हणाला, "चाक ठीक आहे साहेब. तुम्ही जरा आराम करा."

घरी येऊन मी बायकोपुढे हे सगळं तावातावाने सांगतोय, "विकून टाकतो! भंगारात देतो!" आणि दाराजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "रिकामी फिरवली असेल त्यानं."

आई! आता तुम्हाला कल्पना नाही, म्हणून सांगतो. आईची नजर गेलीय. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. आणि नजर गेली तशी ती बोलेनाशीच झाली होती. "अंगणात येतेस?" विचारलं, तर म्हणायची, "मी आता सामान आहे रे, ठेवशील तिथे राहीन." आणि ती आज आपणहून बोलतेय! कशावर? तर चाकावर!

मी म्हटलं, "म्हणजे काय गं?"

"तू एकटा परत येतोस तेव्हा गाडी गप्प असते. पोरगी मागे बसली की बोलते. गाडीला वजनाचा त्रास आहे."

अहो, मी रोज त्या सायकलवर बसतो! मला माहीत नाही! कान म्हणायचे की काय म्हणायचे!

"मला बसव मागे," आई म्हणाली. बायको धावली, "आई, पडाल!" तर म्हणते, "ह्याला पोटात घेऊन मी जिने चढलेय, हा मला कॅरिअरवर नेणार नाही का!" बसवली. एका हाताने माझा शर्ट धरला आणि मान अशी चाकाकडे झुकवली... जसं लहान मूल कानात काही सांगायला येतं आणि आपण वाकतो ना, तशी! निघालो अंगणातून. टक्-कर्रर!

"पायडल थांबव. नुसती जाऊ दे." टक्-कर्रर! "चेन नव्हे. चेन झोपली, हे जागंच आहे." फाटकावर बँकवाल्यांनी चष्मा काढला! "आणि चाकाच्या फेरीत एकदाच येतोय. म्हणजे एकच जागा दुखतेय."

उतरली, चाकापाशी बसली आणि तिने बोटांनी एकेक तार छेडायला घेतली. टिंग... टिंग... टिंग... कन्येने दोन्ही हात तोंडावर ठेवलेले. टिंग... टिंग... थप्प! "ही," आई म्हणाली. "हिच्यात जीव नाही. शेजारच्या दोघींचंही खरं नाही."

तुम्हाला सांगतो, मी लगेच त्या तारेला दोरा बांधला! कान म्हणायचे की काय म्हणायचे!

तशीच हातात धरून चालवत नेली सायकल. सायकलवाल्याने ती तार हलवून बघितली, मग चाक उतरवलं, दातेरी चक्री काढली आणि तिच्या आड... तार मुळाशी तुटलेली! पार! शेजारच्या दोन चिरलेल्या! बाहेरून दिसायची सोयच नाही! त्याने हात पुसले. म्हणाला, "साहेब, शाळेचा उतार... मागे लेकरू... ब्रेक दाबला असता आणि चाक दुमडलं असतं, तर..." मी तिथल्या खोक्यावरच बसलो हो! मग त्याने हळूच विचारलं, "कुणी ओळखलं?" मी म्हटलं, "माझ्या आईनं."

घरी येऊन आईला सांगितलं. रडायच्या बेतात होतो मी. ती म्हणाली, "हं. चहा ठेव. आणि त्या पंख्याकडे बघ, तोही कुरकुरतोय."

बस्स! त्या दिवसापासून आई जी बोलायला लागली, ती अजून थांबलेली नाही! सामान म्हणे सामान! खुर्ची अंगणात गेली. अख्खी गल्ली येते. कुणी शिलाई मशीन आणतं, कुणी मिक्सर, बँकवाले तर स्वतःचा गुडघा घेऊन आले! आई मान झुकवते, ऐकते, बोट ठेवते. बरोबर! दर वेळी बरोबर! कान म्हणायचे की काय म्हणायचे!

परवा बायकोने संधी साधली. म्हणाली, "आई, तेवढं ह्यांच्या घोरण्याचं बघा ना. कुठून येतं, काही इलाज आहे का?"

आईने क्षणभरही विचार केला नाही हो! म्हणाली, "ते मूळचंच आहे. कंपनीतूनच तसं आलंय."

आता प्रत्यक्ष कंपनीच असं म्हणाली, तर तक्रार न्यायची कुणाकडे?