कोणतं बटण दाबून

बीडच्या स्टँडवर मागच्या बाकावर बहीणभाऊ तलवाड्याच्या गाडीची वाट बघत होते. भावाच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर नुसती अक्षरं.

“ताई, हे ईमेलच हाय. माऊस लागत न्हाई, बटणं मीच ठरवल्यात. आर दाबलं की एकट्याला उत्तर, एल दाबलं की मेलिंग लिस्टवरच्या सगळ्यांना.”

“मग तोंड कावून पाडलंस?”

“लिस्टवर एका नव्या पोरीनं साधंच इचारलं. मी लई टोचून लिवलं. आता ती लिस्ट सोडून चाललीय.”

“माफी मागितलीस का?”

“मागितली की, लगेच.”

“कोणतं बटण दाबून?”

“आर.”

“आन् टोचून लिवलं तवा?”

“...गाडी लागली, ताई. लॅपटॉप ठेवतो.”

“राहू दे उघडा. दुसरी गाडी येईल.”