रेंज गेली धाकटीच्या वाटनीला

...आन वर मला म्हनती कशी, "आक्का, जरा डावीकडं सरका, तितं तीन काड्या येत्यात." माझ्या लेकाचा फोन, आन मी कुटं बसून बोलायचं त्ये ही सांगनार! ही म्हंजे माझी धाकटी जाऊ, लीला. न्हाई, बाई वाईट हाय असं मी म्हनत न्हाई. आन मी जळते असंबी न्हाई. मला काय करायचंय? झालं त्ये आपलं सांगते.

तुमाला सांगते, आमची वाडी मेढ्याच्या वर, डोंगरात. दोगा भावांची वाटनी झाली तवा मामंजींनी मला थोरली म्हनून आधी इचारलं, राही, तुला खालचं घर पायजे का टेकाडावरचं? आता मी काय येडी हाय व्हय? खाली सपाट अंगन, हीर दारात, रस्ता दारात, हात केला की एस्टी थांबती. वर नुसता खडक, पान्याची घागर न्यायची तर कमरेचा काटा ढिला. मी खालचं मागितलं. लीला नवीनच आल्याली, तिनं गप मान हलवली. मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी मी पुरनाच्या पोळ्या केल्या आन तिलाबी दोन धाडल्या, तिला वाईट वाटू ने म्हनून.

मला काय ठावं, की फुडं ह्या जगात रेंज म्हनून काय चीज निगनार हाय, आन ती नेमकी खडकावर पडनार हाय?

साल असंल दोन हजार पाच. लीलाचा पोरगा विश्वजीत, पुन्याला कंपनीत, त्यो जत्रंला आला त्ये मोबाईल घिऊन. अंगात देव आल्यागत हात वर करून वाडीभर हिंडतोय. माझ्या अंगनात आला, फोन हिकडं फिरवला, तिकडं फिरवला, म्हनला, काकी, तुमच्याकडं काईच न्हाई. मी म्हनले, अरं समदं हाय, तुला काय पायजे त्ये सांग. त्यो तडक टेकाडावर गेला. तितं त्यांचा धुन्याचा दगुड हाय, त्याच्यावर हुबा ऱ्हायला आन फोन वाजला. साधा वाजला न्हाई, पेटी तबला समदं एकदम. खाली माझी म्हस दावनीला उडाली.

जाताना त्यो फोन आयला दिऊन गेला. रंगीत पडदा, मागं फोटूचा डोळा. आन तवापास्नं त्या दगडाचं देऊळ झालं बगा. ज्येच्या त्येच्या हातात मोबाईल आलं, पन बोलायचं तर चला टेकाडावर. ही चहा टाकनार, बसायला पोतं देनार. बोलनारा मानूस वरडून बोलतोय, कारन त्येला वाटतंय मुंबई लांब हाय. कुनाची म्हस व्याली, कुनाच्या जावयानं नोकरी सोडली, समदं आधी लीलाच्या कानावर. आवं, वीस वर्सं ह्या वाडीत बातमी आधी माझ्या दारात यायची. हीर माझ्या दारात हाय ना. आता बाया घागर भरत्यात आन म्हनत्यात, काय न्हाई बाई विशेष, वरच बोलनं झालं. न्हाई, मी जळत न्हाई. झालं त्ये सांगते.

पन माझा लेक? अमृत आमचा मिलिटरीत, बायको सोनम त्याच्यासंगं, जोधपूरला क्वाटरमंदी. आधी म्हयन्याला पत्र यायचं, माझ्या नावावर, माझ्या दारात. आता दर रविवारी लीलाच्या फोनवर फोन. आधी इचारनार, काकी, बरी हायस का? आन काकी पाच मिनिटं बरी असायची. मग त्यो ऊन ऊन फोन माझ्या हातात यायचा. आन मी बोलाय लागले की ही शेजारी लुगडं घासत बसनार. त्या लुगड्याचा रंग उडाला, पदर इरला, पन धुनं काय सपंना.

एकदा मी चढून वर पोचायच्या आत फोन यिऊन गेल्याला. लीला दारातच हुबी. म्हनली, "आक्का, पेढं द्या. सोनमला दिस गेल्यात."

माझ्या सुनंला. आन मला ही सांगती.

त्या दिवशी मी टेकाड उतरले त्ये शपत घिऊनच. आता पुन्यांदा वर चढनार न्हाई. आमच्या ह्यास्नी म्हनले, मला माझा फोन पायजे. ह्ये साताऱ्यास्नं घिऊन आलं. काळं पांढरं डबडं, वरच्या अंगाला ब्याटरीचा दिवा. त्या दिव्यावरच ह्ये खूश, म्हनं आता गोठ्यात कंदील नको. मी फोनला हळद कुकू लावलं, देवाजवळ ठिवला. दोन दिस झालं, वाजंना. वाजंल कशावर? घरात एक काडी न्हाई. मग ह्यांनी आंबं उतरायचा झेला काढला. लांब येळू, शेंड्याला जाळी. जाळीत फोन ठिवला आन येळू अंगनात हुबा केला. तर वर रेंज! पन गंमत काय, फोन वर वाजायचा, आन उचलाय खाली घेतला की मरायचा. मी खालनं वरडायचे, "अमृत, आय हाय रं हितं!" त्येला काय ऐकू येतंय? लीला वरनं बगत हुती. हसली न्हाई, त्येचाच मला जास्ती राग आला.

आवाज येत नव्हता, पन मेसेज मातूर यायचं.

मग आला लावनीचा म्हयना. रस्त्यावरच्या दुकानात तारंचा फोन हाय, म्हयन्यातनं पंधरा दिस मेल्यालाच असतो, पन त्या दिशी चालू हुता. त्येच्यावर अमृतचा निरोप आला, आईला बोलवा. मी गुडघ्यापतोर चिखल घिऊन पळाले. म्हनला, "आई, मुलगा झाला. दोगंबी बरी हायती. दोस्ताच्या फोनवर फोटू काढलाय, तुझ्या मोबाईलवर धाडतोय. बग आन सांग कुनावर गेलाय." मी म्हनले, माझ्या मोबाईलवर व्हय? म्हनला, व्हय, तुझ्या. आईशप्पत सांगते, नातवाचा आनंद एका डोळ्यात आन ह्यो आनंद दुसऱ्या डोळ्यात. कारन फोटू माझ्याकडं येनार हुता. टेकाडावर न्हाई.

झेला वर केला. जरा वेळानं टिंग झालं. खाली घेतला, तर फोटू न्हाई, नुसतीच अक्षरं, तीबी इंग्रजी. शाळंच्या गुर्जींकडं पळाले. त्यांनी वाचलं आन चष्मा काढला. म्हनलं, राहीबाई, तुमच्यासाठी फोटो आलाय, पन ह्या फोनात त्यो दिसायचा न्हाई. साताऱ्याला दुकानात इंटरनेटवर जायचं, ह्यो पत्ता टाकायचा, ह्यो नंबर टाकायचा, मग दिसंल. म्हंजे बगा, माझा नातू आला, पन कुलूप लावून आला. आन किल्ली साताऱ्यात.

बरं, लगीच जावं तर लावनीची मानसं सांगितल्याली. रोप उपटून ठिवल्यालं, त्ये थांबतंय व्हय? तीन दिस चिखलात गेलं. त्या तीन दिसांत लीला दोनदा बांधापतोर आली. म्हनली, आक्का, जरा वर या की, काम हाय. मी वर न बगता म्हनले, माझा फोन हाय मला. तिसऱ्यांदा ती येताना दिसली तवा मी गोठ्यात शिरले आन म्हशीमागं हुबी ऱ्हायले. मला वाटलं, हिला आता माझ्या झेल्यावर बोलायचं असंल.

चौथ्या दिशी आमी दोगं साताऱ्याला गेलो. गुर्जींनी दुकान सांगितल्यालं, काचंच्या दाराचं. तितं अंकिता म्हनून पोरगी हुती, लय गुनाची. तिनं पत्ता टाकला, नंबर टाकला. पुन्ना टाकला. मग माझ्याकडं न बगताच बोलली, "मावशी, मुदत संपलीय. तीन दिवसच ठेवतात फोटो, मग काढून टाकतात."

मी म्हनले, "मुदत संपाय दूध हाय का बाई त्ये? नातू हाय माझा."

ती बिचारी आनखी दोनदा नंबर टाकून बगत ऱ्हायली. आन मी, तुमाला सांगते, समद्यांम्होरं पदर तोंडाला लावून रडले. भात लावत बसले मी. नातू तितं कुटंतरी तीन दिस वाट बगून माघारी गेला, आन मी भात लावत बसले.

एस्टीत ह्ये हळूच म्हनलं, अमृतनं लीलाच्या फोनवरबी धाडला असंल, आपन वर जाऊ. मी म्हनले, न्हाई. मेढं यिस्तोवर चारदा म्हनले न्हाई. आन वाडीला उतरले ती घरात पाय न टाकता तशीच टेकाड चढाय लागले. शपत देवाची घेतल्याली, देव बगून घील म्हनलं.

लीला दगडावर बसल्याली. हातात धुनं न्हाई, फोन हुता. मी काय बोलायच्या आत म्हनली, "आक्का, चार दिस झालं फोटू आलाय. कंचं बटन दाबायचं त्ये विश्वजीतनं सांगितलंय. पन आज्जीच्या आधी मी कशी बगू?"

पडद्यावर पाकीट. बंद.

चार दिस तिच्या हातात फोन, अर्धी वाडी तिच्या दारात, आन तिनं पाकीट फोडलं न्हाई. म्हनून ती बांधावर येत हुती. आन मी म्हशीमागं लपत हुते. मी तिच्याशेजारी दगडावर बसले. आता तुमीच सांगा, असल्या बाईवर मानसानं जळायचं तरी कसं? खडक तिचा, रेंज तिची, रंगीत फोन तिचा, आन मनाचा मोठेपनाबी तिच्याच वाटनीला. मामंजींनी मला काय ठिवलं? हीर.

पावसानं उघडीप दिल्याली, उनात पडदा दिसंना, तर तिनं तिचा पदर दोगींच्या डोक्यावरनं घेतला. बटन दाबलं. दुलईत गुंडाळल्यालं एवढंसं त्वांड, पोस्टाच्या तिकिटाएवढं. डोळं मिटल्यालं. आमी दोगी किती वेळ बगत हुतो काय म्हाईत. मग मी नाक बगितलं. नाक माझ्या दिराचं, म्हंजे हिच्या नवऱ्याचं. लीलानंबी बगितलं. ती म्हनली, "आक्का, कपाळ अगदी तुमचं हाय." दुलईत कपाळ दिसतबी नव्हतं.

आता त्येला एकोनीस वर्सं झाली. दिग्विजय नाव, कालेजात हाय. आता काय, रेंज चुलीम्होरं हाय, गोठ्यात हाय, म्हस जरी फोन करील म्हनली तरी लागंल. माझ्याकडं ह्यो एवढा फोन हाय, नातवानंच घेतलाय. दर रविवारी त्येचा व्हिडिओ कॉल, माझ्या फोनवर, माझ्या घरात. मी पदर बिदर नीट करून बसते. आन त्यो म्हनतो, "आज्जे, नुसतं पंख्याचं पातं दिसतंय. तुला धरता येत न्हाई. लीलाआज्जीकडं जा, ती झ्याक धरती."

मग काय... गुडघ्याला हात लावत, समद्या काड्या हातात घिऊन, चढते टेकाड.