सूरमस्करी, थेट भिंगारात

...आन ह्याला म्हनं थेट म्हनायचं! मुंबईत मानूस तोंड उघडतो आन त्याच टायमाला भिंगारात आपल्याला दिसतो, मधी ना तार, ना दोरी. बरं, दिसतंय काय तर मुंग्या. पडदाभर मुंग्या, आन त्या मुंग्यांत कुनीतरी हातवारे करतंय. त्यो गवई हाय का हवालदार, ते सूर्यभान सांगंल तेच खरं, कारन टीव्ही सूर्यभानचा. थेट म्हनं, थेट.

आता सूर्यभान कोन, तर खडीचा ठेकेदार. दुष्काळात आख्ख्या पाथर्डी तालुक्यानं रस्त्यावर बसून खडी फोडली, माझ्या चुलतीनं, रंगुबाईनं बी फोडली, हाताला घट्टे पडले, आन त्या खडीतनं भिंगारात सूर्यभानच्या घरावर मजला उगवला. मजल्यावर त्यो टीव्हीचा लोखंडी सापळा. वारं सुटलं की सापळा फिरायचा, आन सापळा फिरला की पडद्यावरचा मानूस लांबुडका व्हायचा. तरी मानसं टकामका बघत बसायची, कारन सूर्यभान पाठीमागं हुबा राहून इचारायचा, "कसंकाय दिसतंय?" आन समदे म्हनायचे, "झ्याक दिसतंय." ज्याच्या ओट्यावर बसलो त्याला काय सांगनार, कपाळ?

तर त्या टीव्हीवर एक कारेक्रम लागायचा, सूरमस्करी. एक गानं, एक नक्कल, पुन्हा गानं. समदं जागच्या जागी, चुकलं तर चुकलेलंच दिसायचं. एकदा तुमाला सांगतो, नकलाकाराची मिशी सुटली आन पेटीवर पडली, पेटीवाला हसाया लागला, तबलेवाला हसाया लागला, मंग कारेक्रम सांगनाऱ्या बाईनं, त्या नाकात बोलनाऱ्या, पाटी लावली, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व." तवापासनं सरकारला पाटीची गोडीच लागली की काय कोन जाने, कारेक्रम कमी आन पाटी जास्त. सूर्यभानची बायको म्हनायची, "काय बी म्हना, पाटी मातर सपष्ट दिसती."

आन वार तरी एक असावा का न्हाई? आदी शनवारी हुता. शनवारी भाषनं घुसली, मंग बेस्तरवारी गेला. बेस्तरवारी कसलीतरी मॅच आली, मंग मंगळवारी, ते बी शेतीच्या माहितीनंतर, आन शेतीवाला साहेब फवारनीवर बोलाया लागला की थांबतोय कशाचा? सूरमस्करीच्या गान्यातलं एक कडवं गेलं, मंग दोन गेली, मंग आख्खी नक्कल गेली, आन फिरून कारेक्रम शनवारी. इस्टीचं टाइमटेबल बरं म्हनायची पाळी आली.

तुमी म्हनाल, आरं सहादेवा, तुला काय त्याचं? बघू नको. आवो, मला काय हौस हाय का? चुलतीपायी. तिचा गहिनीनाथ, माझा चुलतभाऊ, गळा असा गोड की फडात ऊस तोडताना गायला तर बाया कोयता खाली ठिवायच्या, आन मुकादम शिव्या घालायचा. चुलता म्हनला, "गळ्यावर पोट भरत न्हाई." ह्यो म्हनला, "भरून दावीन, मगच तोंड दावीन." गेला मुंबईला. तोंड काय दावलं न्हाई. चुलती पार झुरली. आन एक दिवस कांद्याच्या टरकवाल्यानं निरोप आनला, "मावशे, तुझा गहिनी सूरमस्करीत गानार."

झालं. तवापासनं आमची पाथर्डी-भिंगार वारी नुसती. गेलो, पाटी. गेलो, वार बदलला. गेलो, फवारनी. दर खेपेला चुलती नवं लुगडं नेसायची, जनू काय तिकडनं त्यो बी तिला बघनार हाय. मी म्हनलं, "नानी, गानं आईकायचं तर रेडू आन." ती म्हनली, "गानं म्या लई आईकलंय रं. त्यो वाळलाय का, तेवढं बघायचंय."

आन शेवटी ठरलं एकदाचं. शनवारी. पक्कं. आन दुसऱ्या दिवशी पहाटं टोळीची गाडी निघायची, चुलता-चुलती ऊसतोडीला, ते थेट उन्हाळ्यातच माघारी. फडात कुठला आलाय टीव्ही? म्हंजी दिसला तर आज, न्हाईतर न्हाई. चुलतीनं भांडीकुंडी बांधून ठिवली आन दुपारच्या इस्टीनं आमी भिंगारात. ती फुडंच बसली, पडद्याला नाक लागंल इतकी.

आता सूर्यभाननं काय करावं? टीव्ही लावावा. एवढंच काम! पन न्हाई. आपल्या भागातला मानूस टीव्हीवर येतोय म्हनल्यावर अध्यक्ष नको का? म्हनून सोसायटीचे चेअरमन आबासाहेब, त्यास्नी बोलवनं. आन आबासाहेब येळंवर आले तर आबासाहेब कसले? टाइम झाला. मी म्हनलं, "सूर्यभानशेट, लावा की." त्यो म्हनला, "आबासाहेब येईस्तवर बटन दाबायचं न्हाई."

"आवो, तिकडं चालू झालं असंल."

"चालू कसं हुईल? बटन तर हितं हाय."

आन लोकं काय म्हनावीत? "बराबर हाय." आवो, तमाशाला आमच्याकडं हीच रीत. मानकरी गादीवर बसला की मंग ढोलकी. तवर बाया पडद्यामागं घुंगरं बांधून बसत्यात, कुनाची हिंमत हाय चालू करायची? तसंच हे बी. आबासाहेब आल्याबिगर मुंबईचा पडदा उघडंल कसा, असं समद्यांच्या डोक्यात. चांगले शिकलेले, पेपर वाचनारे लोक, त्ये बी माना हालवत्यात. थेट म्हनं, थेट.

चुलती म्हनली, "दाबा की वो तेवढं."

आले आबासाहेब. आले ते आले, हार. आबासाहेबास्नी हार, मंग टीव्हीला हार, त्यो घसरून पडद्यावरच लोंबाया लागला. नारळ फोडला. टोपी-टावेल झाला. मंग सूर्यभान म्हनतो कसा, "कलावंताच्या मातोश्रींचा सत्कार." खन-नारळ घिऊन चुलतीला हुबी केली. ती बिचारी रडकुंडीला आलेली, "मला नगं वो, बटन दाबा," आन आबासाहेब, "माऊली, दमानं घ्या, ह्यो तुमचाच मान हाय." आन वर भाषान! ग्रामीन कलावंत कसा फुडं आला पायजे, त्याला आपन येळ दिला पायजे. टाळ्या. म्या बी वाजवल्या, काय करता.

दाबलं बटन. आता त्यो डबा लगेच उजाडतोय व्हय? आदी तापनार, मंग गुरगुरनार, मंग मुंग्या. सूर्यभाननं हार बाजूला सारला आन मुंग्यांत दिसला, तुमाला सांगतो, आमचा गहिनीनाथ. सदरा-फेटा घातलेला. दोन्ही हात जोडले, खाली वाकला आन गेला. आन ती नाकातली बाई, "धन्यवाद. यानंतर पाहा, ज्वारीवरील खोडकिडीचे नियंत्रण."

आबासाहेब म्हनले, "सूर्यभान, पयल्यापासनं लाव." आन सूर्यभाननं बटन बंद करून पुन्हा लावलं बी! खोडकीड. पुन्हा लावलं. खोडकीडच. आबासाहेब म्हनले, "मुंबईवाल्यास्नी काय शिस्तच न्हाई," आन भजी खाऊन गेले.

मी चुलतीला इचारलं, "नानी, दिसला का?" ती म्हनली, "दिसला. वाळलाय." दुसऱ्या दिवशी ती टोळीच्या गाडीत, मोळ्या बांधायला.

ती फडात असतानाच सूरमस्करी बंद झाली. का, तर म्हनं प्रेक्षकांच्या मागनीवरनं. कंचे प्रेक्षक? आमाला कुनी इचारलं का? पुरतं वाटोळं करून एक पाटी लावली आन मोकळे.

मंग मढीच्या जत्रेला, टोळ्या माघारी आल्यावर, गहिनीनाथ आला की गावाला. खाली मान घालून आला. चुलतीनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला आन बाई धडधडीत खोटं बोलली, "लई ग्वाड गायलास रं." पोराचं मन राखाया. मंग आमी बी सुरू. मी म्हनलं, काय तान घेतलीस गड्या. सूर्यभान जत्रेला आलेला, त्यो म्हनला, डोळ्यातनं पानी आलं. चुलता, ज्यानं टीव्ही आजून बघितला न्हाई, त्यो बी म्हनला, बरं हुतं.

गहिनीनाथ आमच्या तोंडाकडं बघतच राहिला. म्हनला, "आये, म्या गायलोच न्हाई. तिथं कोन मोठे पाव्हने आले हुते. त्यांचा हार झाला, नारळ झाला, मंग त्यांनी कलावंताला कसा येळ दिला पायजे त्याच्यावर भाषान केलं. माझा टाइम त्यातच गेला. मला म्हनले, आता निस्तं हात जोड आन उतर."

सूर्यभान तर चपला शोधाया लागला. चुलतीनं पदरानं डोळे पुसले, पोराच्या ताटात आजून एक भाकर टाकली आन म्हनली,

"मंग म्या समदाच कारेक्रम बघितला म्हनायचा."