साखळी पद्धतीने

कुत्रं? नाही गं, आमच्याकडे कुत्रं नाही. कधीच नव्हतं. कुणी सांगितलं तुला? — राहू दे, कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. ये, पडवीत ये. मांजर आहे एक, तेही म्हातारं, खुर्चीवर बसलंय बघ, त्याला उठव आणि बस. ती खुर्ची नको, ती होन्नम्माची, माझ्या बायकोची. ही घे. चैत्रा ना तू? चैत्रा भट, शिरसीची, पहिल्या पानावर वाचलं. शिवलिंगप्पाने तुझा प्रबंध कुरियरने पाठवला तेव्हा सोबत चिठ्ठी होती त्याची — सर, पद्धतीचं प्रकरण तेवढं नजरेखालून घाला, योगायोगाने मुलीने काम तुमच्याच गावात केलं आहे. योगायोगाने म्हणे. चांगला विद्यार्थी होता माझा, पण चौकशी करायचा कंटाळा त्याला तेव्हापासूनच, म्हणून तर मार्गदर्शक झाला. निवृत्त झालो आणि गावी परत आलो, एवढंच त्याला माहीत. पुढचं मी कुणाला कळवलं नाही.

तर वाचलं. सगळं वाचलं, संदर्भसूचीसकट. धारवाडला आयुष्यभर दुसरं केलंय काय — लोकांचे प्रबंध वाचले आणि समासात शेरे मारले. आता सवयीने वाचतो, वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा वाचतो. विषय चांगला आहे तुझा. होडी उलटल्यानंतर गावाने दुःख कसं सोसलं. टक्केवारी नाही, आलेख नाहीत, माणसांना बोलू दिलंस, हे बरं केलंस. आमच्या विभागात एक गृहस्थ म्हणायचे, गुणात्मक संशोधन म्हणजे गणित न येणाऱ्यांची सोय. ते पुढे कुलगुरू झाले. नाही, हसू नकोस, खरंच झाले.

महिनाअखेर जमा करायचाय ना? म्हणजे मी 'पद्धत योग्य' असं लिहून दिलं की तू मोकळी. देतो. घाबरू नकोस, देतो. त्याआधी दोन-तीन गोष्टी बोलू. वही काढू नकोस, सोप्या आहेत.

टोपणनावं. सगळ्यांना फुलांची नावं दिलीस — जाई, शेवंती, बकुळ. पुरुषांना झाडांची. छान आहे, बाग झाली. पण 'जाई'खाली काय लिहिलंयस? सुकी मासळी विकते, दम्याचा त्रास, धाकटा भाऊ होडीत गेला. अगं, या गावात सुकी मासळी विकणाऱ्या चार असतील, पण खोकल्यावरून जिची चाहूल तीन घरं आधी लागते ती लक्ष्मीअक्का एकच. तू नाव लपवलंस, दमा नाही लपवलास. ठीक आहे, सगळेच करतात ही चूक, मीही करायचो.

आणि ही 'शेवंती'. म्हणजे गणपाची बायको. मुलगी गेली तिची त्या होडीत. तिची मुलाखत सगळ्यांत छोटी. तू लिहिलंस — सहभागी बराच वेळ गप्प. नवरा शेजारी बसून जाळं विणत होता. निरीक्षण उत्तम, जाळ्याचं लिहिलंस म्हणून कौतुक वाटलं मला. आणि पुढच्या पानावर निष्कर्ष काढलास, 'शोकाची अव्यक्तता'! अगं, अव्यक्तता कसली, नवरा! गणपा बसलाय तिथे, धागा ओढतोय, दर गाठीला वर बघतोय. ती काय बोलणार? बायकांशी बोलायचं तर नवऱ्याला आधी उठवायला हवं तिथून. काहीही सांगून उठव. सुई आणायला पाठव. एवढं लक्षात ठेव, बाकी पुस्तकातलं विसरलीस तरी चालेल.

आता नमुना निवड. साखळी पद्धत वापरलीस. एकाने दुसऱ्याचं नाव सुचवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. लाजऱ्याबुजऱ्या गावात हीच सोयीची, मान्य. लक्ष्मीअक्काकडे तू उतरलीस, तिने गणपाचं घर दाखवलं, गणपाने सुब्रायचं, सुब्रायने त्याच्या साडूचं, साडूने आणखी कुणाचं — आणि शेवटच्या घराने कुणाचं नाव दिलं? परत लक्ष्मीअक्काचं. तुला वाटलं, वर्तुळ पूर्ण झालं. पाच ओळींत लिहून टाकलंस, नवीन माहिती येणं थांबलं, सबब मुलाखती थांबवल्या. शब्दही जड वापरलास, संपृक्तता. बाळ, लग्नाची आमंत्रणं वाटताना काय होतं? एक जण दुसऱ्याला आठवण करून देतो, अमक्याचं राहिलं, तमक्याचं राहिलं. सगळी घरं होतात. ज्याला बोलवायचं नाही त्याचं घर मात्र कुणालाच आठवत नाही. ती विसरभोळेपणाची गोष्ट नसते. साखळीचं तसंच आहे. ती बोलण्यातल्या घरांपुरतीच जाते.

नाही, त्रागा नको करूस. मी सांगतोय ते ऐक फक्त. कषाय येईल आत्ता, आमच्याकडचा धणे-जिऱ्याचा काढा, होन्नम्मा आत उकळतेय.

मृतांचा आकडा कुठून घेतलास? दगडावरून. धक्क्यावर पंचायतीने बसवलाय तो. सोळा नावं. तुझ्या प्रबंधात सगळीकडे सोळा. आणि परिशिष्टात बातमीचं कात्रण लावलंयस त्यात सतरा. तुला दिसलं होतं ना? दिसलं होतं, म्हणून तर खाली लिहिलंस, 'वृत्तपत्रातील आकडा चुकीचा असावा'. असावा! परीक्षक तिथे बोट ठेवणार. तू पेपरवाल्यावर विश्वास ठेवला नाहीस, त्यात गैर काही नाही, पण दगडावर का ठेवलास? कोरलेलं होतं म्हणून?

आता होडीवाल्याकडे ये. सोळा घरचे लोक त्याच्याबद्दल बोलतात, तुझ्या पानापानांत तो आहे, पण नाव कुणीच घेत नाही. 'तो' म्हणतात. 'त्याने' म्हणतात. गणपा म्हणतो, त्याने माणसं जास्त घेतली. घेतली, खरं आहे. पलीकडच्या काठावर रथ ओढायची वेळ झाली होती आणि प्रत्येकाला पहिल्याच खेपेला जायचं होतं. गणपाने स्वतः मुलीला उचलून आत दिलं. ते त्याने तुला सांगितलं नसेल. नाही, मी त्याला दोष देत नाही, मी फक्त म्हणतोय की एकाच घटनेचं एकच वर्णन सोळा घरांत ऐकू आलं तर संशोधकाने खूश व्हायचं नसतं, सावध व्हायचं असतं. आणि त्या होडीवाल्याचं तू शेवटी केलंस काय? तळटीप. 'होडीवाला पोहून पळून गेल्याचे सहभागी सांगतात.' पळाला. हो. बराच लांब पळाला, खाडीच्या तोंडापर्यंत. होडी उलटली त्या आठवड्याच्या शेवटी सापडला तो तिथे, म्हणून पेपरात नंतर सतरा झाले.

मला कसं माहीत? मी गेलो होतो ना ओळखायला. शर्टावरून ओळखला. शर्ट मीच आणला होता धारवाडहून, त्याला आवडला नव्हता, म्हणून होडीवर घालायचा.

वेंकटू. वेंकटरमण गोविंद अंबिग, बी.ए. दुसऱ्या वर्षाला नापास. आम्ही मूळचे अंबिगच, होडीवालेच. माझ्या बापाने या खाडीत आयुष्य काढलं, मी शिकलो आणि सुटलो, आणि माझा मुलगा कॉलेज सोडून परत आजाच्या होडीवर येऊन बसला. मी म्हणायचो, मी विद्यापीठात माणसं पलीकडे पोचवतो. तो म्हणायचा, तुमची पोचलेली कधी दिसली नाहीत, अप्पा, माझी हात हलवतात. — बरा होता बोलायला.

नाही, रडू नकोस. तुझ्या रडण्याने मला काही होत नाही, खरं सांगतो, वाईटही वाटत नाही. कुणाचंच रडणं पोचत नाही आता. तुझ्या मुलाखती वाचल्या, लक्ष्मीअक्काचा भाऊ, गणपाची पोर, सगळ्यांना मी ओळखत होतो. वाचताना माझं लक्ष कुठे, तर परिच्छेदाची सुरुवात आत घेतलीय की नाही. दगड बसवला त्या दिवशी मीही गेलो होतो, मागे उभा होतो. नारळ फोडला, प्रसाद वाटला, मलाही दिला कुणीतरी न बघता. शिरा चांगला झाला होता.

आणि ते कुत्रं. प्रबंधाला जोडलेल्या तुझ्या रोजनिशीत आहे — गणपाच्या घरून सुब्रायकडे जाताना मधलं अंगण टाळायचं, कुत्रं चावरं आहे, शेवंतीने बजावलं. ते अंगण हे. सुब्रायचं घर ते बघ, तुळशीच्या मागे, इथून हाक मारली तर ऐकू जाईल. तू मात्र रोज माडांच्या रांगेवरून वळसा घालून जायचीस, उन्हातान्हात, ती निळी छत्री घेऊन. शेवंतीने कुत्रं सांगितलं तेही बिचारीने चांगुलपणानेच. पोरीला कुणाचं नाव आपल्या तोंडाने सांगावं लागू नये म्हणून.

होन्नम्मा बघायची तुला. दारात उभी राहून. पहिल्या दिवशी म्हणाली, कोण मुलगी विचारत फिरतेय, होडीबद्दल विचारतेय म्हणे. मग म्हणाली, आज येईल. मग रोज ही खुर्ची पुसून इथे ठेवायची. मी म्हटलं, येईल तेव्हा येईल. तू सुब्रायकडून परत फिरलीस की ती आत जायची. तू गाव सोडून गेलीस त्या दिवशी ती खुर्ची आत ठेवायला विसरली, तेव्हापासून इथेच आहे, मांजर बसतं. आम्ही दोघं काय बोलतो? गॅस संपत आला. मीठ आणायचंय. पाऊस आत येतोय, खिडकी लावा. वेंकटूचं नाव या घरात मी काढत नाही. ती काढत असेल तर मी नसताना.

मी लिहून देतो शिवलिंगप्पाला. पद्धत योग्य, मांडणी स्वच्छ, फक्त मर्यादांमध्ये एक वाक्य वाढवावं — साखळी पद्धतीने ज्याच्याशी गाव बोलत नाही असं घर नमुन्यात येत नाही. एवढं पुरे. पदवी मिळेल तुला. आणि आकडा दुरुस्त कर, सतरा. बाकी माझी मुलाखत वगैरे नको. परीक्षण करणारा माणूस नमुन्यात बसत नाही, शिवाय माझ्याकडून तुला काही मिळणारही नाही, पान कोरं जाईल.

हं, आली बघ. घे ते पेले तिच्या हातातून, गरम आहेत. होन्ना, ही ती. हो, छत्रीवाली. — आत काही उकळत ठेवलंयस का? नाही? मग?

बसली.

मांजर तिच्याच मांडीवर जाणार, ते राहू दे. चैत्रा, माझ्याकडे काय बघतेस? फोन तिच्यासमोर ठेव. परवानगी तिला विचार, मला नाही. कागदावरचे प्रश्न विचारू नकोस, नाव विचार आधी, मुलाचं नाव, आणि मग गप्प बस, कितीही वेळ गेला तरी तू बोलू नकोस.

मी? मी कशाला थांबू? मघाशी काय सांगितलं तुला! मी जातो धक्क्यावर. आणि मला परत आणायला कुणाला पाठवू नका — मी बसलो तर इथे वर बघत बसेन नुसता, माझ्याकडे विणायला जाळंसुद्धा नाही.