मी सांगेपर्यंत उठायचं नाही

नव्या वर्गात पहिल्याच दिवशी वचक बसवायचा, हे माझं तत्त्व. मी कल्याणहून टोकावड्याला शिवणाचा वर्ग घ्यायला गेले, तर समोर अर्ध्या बायका माझ्याहून मोठ्या. म्हटलं, ह्या आपल्याला लेकीसारखं वागवणार. म्हणून आधीच बजावलं, "मी सांगेपर्यंत कोणी उठायचं नाही आणि मधे बोलायचं नाही."

संध्याकाळी मी ब्लाउजचं माप समजावत होते, तेवढ्यात बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. माझ्या गाडीला अजून वेळ होता. पुढे बसलेल्या सुमनताई मात्र चुळबुळायला लागल्या. "मॅडम, एसटी..."

मला वाटलं, बाईंना घरी जायची घाई झालीय. "गाडी गेली तरी चालेल, सुमनताई. शिस्त जाता कामा नये."

पुन्हा हॉर्न वाजला. एकही बाई हलली नाही. गाडी निघून गेली आणि मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! सगळं शिकवून झाल्यावर मी ऐटीत विचारलं, "हं, आता बोला. कुणाला जायचं होतं?"

"आमी सगळ्या इथल्याच, मॅडम," सुमनताई म्हणाल्या. "ती कल्याणची शेवटची गाडी होती. तुमचीच. आज लवकर आली."

मग मुक्काम सुमनताईंच्याच घरी. तांदळाच्या दोन भाकऱ्या झाल्यावर मी "आता पुरे" म्हणत उठायला लागले, तर त्यांनी तिसरी ताटात वाढली.

"बसा खाली. मी सांगेपर्यंत उठायचं नाय. आणि मधे बोलायचं नाय."